कृपा आणि मेहेरबानी : वेल्समधील खाणकामगारांचा रविवारचा वर्ग

कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून कॅल्विनच्या कृपाशास्त्रावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. जे काही वाचले ते रद्दीच्या दुकानातून, वाचनालयातून आणि मित्रांकडून उसने आणून वाचले. धर्मशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु संपांचा इतिहास वाचता वाचता आम्ही एका अशा मुलखात जाऊन पोचलो, की जिथे संप समजून घ्यायचा तर आधी देवाच्या कृपेचा सिद्धांत समजून घ्यावा लागतो. तो मुलूख म्हणजे वेल्सचा वायव्य कोपरा. तिथल्या डोंगरांतून निळसर-जांभळा पाटीचा दगड निघतो. ज्या जातीच्या पाटीवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी मुळाक्षरे गिरवली, त्याच जातीच्या दगडाच्या पातळ पाट्या काढून युरोपातल्या शहरांची छपरे शाकारली गेली. हा दगड फोडणारा कामगार आठवड्याचे सहा दिवस खाणीत असे, आणि सातव्या दिवशी प्रार्थनामंदिरातल्या वर्गात बसून ‘मनुष्याचा उद्धार कोणाच्या इच्छेने होतो?’ या प्रश्नावर शेजाऱ्याशी वाद घालीत असे. त्या वर्गाची ही हकीकत आहे.

प्रथम त्या वर्गात काय शिकवले जाई ते थोडक्यात पाहू. जॉन कॅल्विन हा १५०९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला आणि १५६४ साली जिनिव्हात वारलेला धर्मसुधारक. मनुष्य आपल्या पुण्याईने तरत नाही, ईश्वराच्या कृपेने तरतो, हे त्याच्या शिकवणीचे सार. त्याच्या पश्चात हॉलंडमध्ये यावर मोठा वाद माजला. आर्मिनियस नावाचा प्राध्यापक १६०९ साली वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे एक निवेदन मांडले. त्यांचे म्हणणे असे, की ईश्वर कृपा देऊ करतो खरा, पण ती घ्यायची की नाकारायची हे माणसाच्या हाती आहे. या पाच कलमांचा निकाल लावण्यासाठी डॉर्ट, म्हणजे डॉर्डरेख्त, या गावी १६१८ च्या नोव्हेंबरपासून १६१९ च्या मे महिन्यापर्यंत धर्मपरिषद भरली. परिषदेने आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध कौल दिला. कॅल्विनपंथाची म्हणून जी पाच तत्त्वे पुढे प्रसिद्ध झाली ती या कौलातून निघाली.

ती अशी. पहिले, मनुष्य पापाने इतका ग्रासलेला आहे की स्वतःच्या बळावर तो ईश्वराकडे वळूच शकत नाही. दुसरे, ईश्वराने ज्यांना निवडले त्यांना कसलीही अट न घालता निवडले. त्यांच्या गुणांकडे, कुळाकडे वा पुढे ते करतील त्या सत्कृत्यांकडे पाहून नव्हे. तिसरे, ख्रिस्ताने केलेले प्रायश्चित्त या निवडलेल्यांसाठी आहे. चौथे, ईश्वराची कृपा ज्याला गाठायची त्याला गाठतेच, ती अडवता येत नाही. पाचवे, अशा रीतीने ज्याला उचलले तो अखेरपर्यंत टिकतो, मध्येच गळून पडत नाही.

हा वाद आपल्याला अगदीच परका आहे असे नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माकडीचे पिलू आणि मांजरीचे पिलू अशी दोन दृष्टांतांची जोडी आहे. माकडीचे पिलू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. आर्मिनियसचा भक्त माकडीचे पिलू आणि कॅल्विनचा भक्त मांजरीचे पिलू, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, त्यांची मुळेही वेगळी आहेत. पण प्रश्न तोच आहे.

आता वेल्सकडे वळू. बायबलचे वेल्श भाषांतर विल्यम मॉर्गन याने १५८८ सालीच पुरे केले होते. ग्रंथ होता, पण वाचणारे थोडे होते. सुमारे १७३१ पासून ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा काढल्या. शेतीची कामे मंदावली की हिवाळ्यात एखाद्या गावी तीन महिने शाळा भरवायची, मुलांना आणि मोठ्यांना वेल्श वाचायला शिकवायचे, आणि शिक्षकाने पुढच्या गावी जायचे. १७६१ साली तो वारला तोवर या शाळांच्या पटावर दीड लाखांहून अधिक नावे चढली होती. त्याच काळात हॉवेल हॅरिस आणि डॅनियल रोलंड यांनी धर्मजागृतीची चळवळ उभी केली. इंग्लंडातल्या मेथडिस्टांत कृपेच्या प्रश्नावरून फूट पडली, तेव्हा जॉन वेस्ली आर्मिनियसच्या बाजूला गेला, जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनच्या. वेल्सची मंडळी व्हाइटफील्डबरोबर राहिली. म्हणून त्यांचे नाव कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट. १८११ साली त्यांनी स्वतःचे धर्मोपदेशक नेमून राजमान्य चर्चपासून फारकत घेतली, आणि १८२३ साली आपले श्रद्धापत्र प्रसिद्ध केले. डॉर्टचा कृपासिद्धांत त्यात ठामपणे मांडलेला आहे.

या पंथाला शाळा दिली ती बाला गावच्या टॉमस चार्ल्सने. १७५५ साली जन्मलेल्या या माणसाने आधी फिरत्या शाळा पुन्हा चालू केल्या आणि मग रविवारच्या शाळांचे जाळे विणले. इंग्लंडातली रविवारची शाळा मुख्यतः मुलांची होती. वेल्सची शाळा मुलांची, बापांची आणि आजोबांचीही होती, बायकांची होती. १८०० साली मेरी जोन्स नावाची एक विणकराची मुलगी, वय पंधरा-सोळा, सहा वर्षे पैसे साठवून बायबल विकत घेण्यासाठी सुमारे पंचवीस मैल डोंगरातून चालत चार्ल्सच्या दारी आली. ती गोष्ट वेल्समध्ये घरोघर सांगतात. १८०४ साली लंडनमध्ये बायबल सोसायटी निघाली, तिच्या स्थापनेत चार्ल्सचा मोठा वाटा होता.

वर्ग चाले तो असा. रविवारी दुपारी प्रार्थनामंदिरातल्या बाकांवरच वयाप्रमाणे टोळकी बसत. प्रौढांच्या वर्गाचा शिक्षक कोणी पदवीधर नसे. आपल्यातलाच एखादा खाणकामगार, सुतार किंवा दुकानदार असे. प्रत्येकाने पाळीने एक वचन वाचायचे आणि मग त्यावर प्रश्न. हाताशी चार्ल्सचे दोन ग्रंथ : एक प्रश्नोत्तरांची छोटी पोथी, १८०७ सालची, आणि दुसरा बायबलमधल्या शब्दांचा चार भागांचा कोश. ‘विनाअट निवड असेल तर उपदेश कशाला करायचा?’ ‘कृपा अडवता येत नाही, तर मग पाप्याचा दोष काय?’ ‘प्रायश्चित्त सर्वांसाठी नाही, तर सर्वांना बोलावणे का धाडायचे?’ असल्या गाठी सोडवायच्या. उत्तराला ग्रंथाचा आधार पाहिजे; नुसते ‘मला वाटते’ चालायचे नाही. आणि ठरावीक काळाने अनेक गावांच्या शाळा एकत्र जमून सर्वांसमक्ष प्रश्नोत्तरे होत.

श्रोतेहो, क्षणभर या दृश्याचा विचार करा. ज्या माणसाला इंग्रज मालक अडाणी समजे, तो आपल्या भाषेत, स्वतः वाचून, एका अवघड तत्त्वावर पुराव्यानिशी बोलतो आहे. दुसऱ्याचे पुरे ऐकून घेतो आहे. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतो आहे. आम्ही उभ्या आयुष्यात कित्येक कामगारसभा चालवल्या. सभा चालवणे म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक आहे. पाळीने बोलणे, आधार देणे आणि ऐकून घेणे या तीन गोष्टी माणसाला आल्या की संघटनेचे निम्मे काम झाले.

सरकारला मात्र हे दिसले नाही. १८४७ साली वेल्सच्या शिक्षणाची पाहणी करून तीन इंग्रज बॅरिस्टरांनी आपला अहवाल दिला. तिघांनाही वेल्श येत नव्हते. त्यांनी वेल्श भाषेला आणि लोकांच्या नीतीला इतकी नावे ठेवली, की त्या निळ्या पुठ्ठ्यांच्या ग्रंथांना वेल्श लोक आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. रविवारच्या शाळांचे महत्त्व तेवढे त्यांनाही नाकारता आले नाही.

परंतु ही कथा एकरंगी नाही, आणि ती तशी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या पंथाचे पुढारी कामगारांचे कैवारी होते असे कोणी समजू नये. १८३१ साली दक्षिण वेल्समधल्या मर्थिर येथे लोखंडकामगारांचे बंड झाले. सैन्याने गोळ्या घातल्या, डिक पेंडेरिन या तरुण कामगाराला फाशी झाली. त्याच साली कॅल्विनिस्टिक मेथडिस्टांच्या सभेने आपल्या सभासदांना कामगारसंघांत जाण्याची बंदी केली. त्या काळचा त्यांचा सर्वांत प्रभावी वक्ता जॉन एलायस हा राजसत्तेला आव्हान देणाऱ्या प्रत्येक चळवळीचा विरोधक होता. ‘मनुष्याच्या हातून काही होत नाही’ या तत्त्वाचा ‘म्हणून काही करू नये’ असा अर्थ लावणे सोपे असते, आणि मालकांना तो सोयीचा असतो. मॅक्स वेबरने १९०४-०५ साली कॅल्विनपंथाचा संबंध भांडवलशाहीशी जोडून दाखवला, तो आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना माहीत आहे. मग त्याच तत्त्वावर पोसलेले खाणकामगार ब्रिटनच्या इतिहासातल्या अत्यंत दीर्घ लढ्यांपैकी एक लढा कसे लढले? आमच्या अभ्यासाचा प्रश्न हा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी बेथेस्डा या गावी जाऊ. गावाचे नावच तिथल्या १८२० सालच्या एका प्रार्थनामंदिरावरून पडले. गावाच्या डोक्यावर पेन्ऱ्हिनची खाण, आणि खाली समुद्राच्या बाजूला पेन्ऱ्हिन लॉर्डांचा किल्लेवजा वाडा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही खाण मोठी करणारा रिचर्ड पेनंट हा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा धनी. गुलामांचा व्यापार बंद करण्याला पार्लमेंटात त्याने विरोध केला. पुढे गुलामगिरी उठली तेव्हा त्याच्या वारसाला ७६४ गुलामांबद्दल चौदा हजारांहून अधिक पौंड भरपाई मिळाली. भरपाई मालकाला मिळाली, गुलामांना नव्हे.

खाणीतली पद्धत अशी. कामगारांच्या छोट्या टोळीला कड्याचा सुमारे सहा यार्ड रुंदीचा तुकडा महिन्याच्या कराराने मिळे. दगड चांगला असेल तर पाट्या पुष्कळ निघत, वाईट असेल तर महिनाभर राबूनही हाती काही येत नसे. म्हणून दर महिन्याला मुकादमाशी दराची घासाघीस व्हायची. यात सारे मुकादमाच्या मर्जीवर. एकाला चांगला कडा, दुसऱ्याला वाईट. एकाला वाढीव दर, दुसऱ्याला नुसते हेलपाटे. कारण विचारायची सोय नाही. कामगार स्वतःला गड्यासारखा रोजंदार मानीत नसे, करार करणारा कारागीर मानीत असे. आणि त्याच कारागिराला महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याच्या मर्जीपुढे टोपी काढावी लागे.

दुपारच्या सुट्टीत हे कामगार ‘काबान’ नावाच्या दगडी खोपटात जमत. तिथेही अध्यक्ष निवडलेला, वादविषय ठरलेला, पाठांतराच्या आणि गाण्याच्या स्पर्धा; काही काबानांची इतिवृत्ते आजही जपून ठेवलेली आहेत. रविवारच्या वर्गातली शिस्त सोमवारी खोपटात आली ती अशी. १८६८ च्या निवडणुकीत, म्हणजे मतदान गुप्त होण्याच्या आधी, पेन्ऱ्हिनच्या थोरल्या मुलाला आपल्याच मुलखात पार्लमेंटची जागा गमवावी लागली. १८७४ साली उत्तर वेल्सच्या खाणकामगारांचा संघ स्थापन झाला, आणि त्याच साली पेन्ऱ्हिनच्या खाणीत कामगारांच्या निवडलेल्या समितीला मान्यता देणारा करार झाला. १८८५ साली त्याच थोरल्या मुलाने खाणीचा कारभार हाती घेतला आणि हा करार मोडून टाकला. तो पुढे लॉर्ड पेन्ऱ्हिन झाला. त्याचे म्हणणे असे, की कोणा कामगाराची तक्रार असेल तर त्याने एकट्याने यावे. समिती-बिमिती आपल्याला ठाऊक नाही. आपण गावासाठी इतके करतो, मग मध्ये संघ कशाला?

आम्ही हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या केबिनींत इतक्या वेळा ऐकले आहे, की वेल्सचा तो लॉर्ड आम्हांला ओळखीचा वाटतो.

१८९६-९७ मध्ये अकरा महिने खाण बंद राहिली. मग २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २८०० कामगार खाणीबाहेर पडले आणि तीन वर्षे बाहेर राहिले. बायकापोरांची उपासमार झाली. गावातली गायकमंडळे इंग्लंडच्या शहरांतून गात फिरली आणि मदत जमवून आणली. कित्येक जण दक्षिणेच्या कोळशाच्या खाणींत गेले. ११ जून १९०१ रोजी लॉर्डने खाण उघडली. सुमारे चारशे माणसे कामावर गेली. त्या प्रत्येकाच्या हातावर सोन्याचे एक-एक नाणे, म्हणजे एक पौंड, ठेवण्यात आले आणि शेकडा पाच पगारवाढीचे वचन मिळाले.

या नाण्याला बाहेरच्या कामगारांनी नाव दिले : ‘शेपटीचा पौंड’. शेपूट हलवणाऱ्याला फेकलेला तुकडा, हा त्याचा अर्थ.

श्रोतेहो, आमच्या मते या लढ्याचे मर्म या एका नाण्यात आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रविवारच्या वर्गात ‘विनाअट निवड’ हा शब्द घोकला होता, त्यांना लॉर्डचे हे देणे काय आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. ईश्वराची कृपा कोणाच्या वागणुकीवर ठरत नाही. लॉर्डची मेहेरबानी वागणुकीवरच ठरते. कृपा विकत मिळत नाही. मेहेरबानीची किंमत ठरलेली असते, आणि इथे ती बरोबर एक पौंड होती. कृपा एकदा आली की जात नाही. मेहेरबानी दर महिन्याच्या कराराला नव्याने मागावी लागते. शिवाय कृपेपुढे लॉर्ड आणि खाणकामगार सारखेच भिकारी, दोघांचीही पुण्याई शून्य. हा हिशोब डोक्यात पक्का बसलेल्या माणसाला वाड्याकडे पाहून ‘हे आमचे मायबाप’ असे म्हणणे जड जाते. पंथाच्या पुढाऱ्यांनी १८३१ मध्ये काहीही ठरवले असो, सिद्धांताच्या पोटात ही ठिणगी होती. कॅल्विनच्या कृपेनेच संप घडवला, असे आम्ही म्हणत नाही. दर, दगड, मुकादम आणि संघाची मान्यता, ही संपाची कारणे होती. परंतु मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक ओळखण्याची नजर माणसाला कुठून तरी यावी लागते. बेथेस्डाच्या माणसाला ती एका बाजूने संघाकडून आली, तर दुसऱ्या बाजूने त्या वर्गाकडून आली, असे आम्हांला वाटते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर हे भाषण एखाद्या फाटकसभेतले होईल.

संपातल्या घरांच्या खिडक्यांत एक छापील पाटी लागली : ‘या घरात फितूर नाही.’ ज्या खिडकीत ती नाही, ते घर फितुराचे. गावाचे दोन तुकडे झाले. प्रार्थनामंदिरांत एका बाकावर बसणारे एकमेकांशेजारी बसेनात; कामावर गेलेल्यांपैकी काही जण आपला पंथ सोडून लॉर्डच्या बाजूच्या राजमान्य चर्चमध्ये गेले. दुकाने वेगळी, रस्ते वेगळे. नोव्हेंबर १९०३ मध्ये संप संपला, तो कामगारांच्या पराभवाने. परंतु ती पाटी मनातून उतरली नाही. नातवंडांच्या पिढीतही कोणाचा आजोबा १९०१ साली आत गेला होता हे गावाला पाठ होते.

इथेही रविवारच्या वर्गाचाच शब्द कामी आलेला दिसतो, पण उलट्या बाजूने. काही निवडलेले, बाकीचे टाकलेले. ही विभागणी ज्यांच्या अंगवळणी पडली होती त्यांना निष्ठावंत आणि फितूर अशी गावाची फाळणी करणे सोपे गेले असेल. परंतु या ठिकाणी त्यांनी आपलाच धडा अर्धवट वाचला. कारण त्या सिद्धांतात आणखी एक कलम आहे. कोण निवडलेला आणि कोण टाकलेला, हे फक्त ईश्वराला ठाऊक. शेजारच्याविषयी तसा निवाडा करण्याचा अधिकार कोणाही माणसाला नाही. डॉर्टच्या परिषदेने तर स्पष्ट लिहून ठेवले आहे, की जे अजून कृपेच्या कक्षेबाहेर दिसतात त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आपण त्यांच्याहून वेगळे कोणी आहोत अशा तोऱ्याने त्यांच्याशी वागू नये. कारण वेगळे होण्यात आपले कर्तृत्व काहीच नाही. पाच तत्त्वे सर्वांच्या तोंडपाठ असतात. ही पुरवणी मात्र उपाशी पोटी आठवणे कठीण असते.

आम्ही हे कोणत्या अधिकाराने बोलतो? तर चुकलेल्या माणसाच्या अधिकाराने. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप चालवला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास काही माणसे आत गेली. त्यांना केबिनमध्ये बोलावून पाकिटे देण्यात आली. त्यांतले एक गृहस्थ आमच्याच वर्गात बसणारे होते, वयाने आमच्याहून मोठे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांच्या घरी आजारपण होते, हे आम्हांला ठाऊक होते. संप मोडला. त्याचे खापर आम्ही त्यांच्यावर फोडले. दोन वर्षांनी त्यांची पत्नी वारली. अंत्ययात्रेला युनियनचा एकही माणूस गेला नाही. जाऊ नये असा ठराव कोणी केला नव्हता; तशी गरजच पडली नाही. आम्हीही गेलो नाही. त्या दिवशी आम्हांला दुसरे काही काम होते असेही नाही; आम्ही कचेरीत बसून वर्तमानपत्र वाचीत होतो.

पुढे बेथेस्डाच्या खिडक्यांतल्या त्या पाटीविषयी वाचले, तेव्हा आम्हांला ते वर्तमानपत्र आठवले.

पाकीट घेणे योग्य होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. शेपटीचा पौंड तो शेपटीचा पौंडच. फितुरीला फितुरी म्हटले नाही तर संघटना एक दिवस टिकायची नाही. परंतु एखाद्या कृत्याला नाव ठेवणे वेगळे आणि माणसाचे नाव कायमचे पुसून टाकणे वेगळे. ज्याने उपाशी मुलाकडे पाहून एका सकाळी पाय आत टाकला, त्याच्याविषयी अखेरचा निवाडा देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? आम्ही बाहेर राहिलो हे आमचे कर्तृत्व, अशी आमची घमेंड होती. खरे पाहता त्या वर्षी आमच्या घरी कोणी आजारी नव्हते, एवढेच. वेल्सच्या वर्गातल्या एखाद्या म्हाताऱ्या खाणकामगाराने आम्हांला तिथेच थांबवले असते आणि विचारले असते, ‘मग यात तुझी पुण्याई कोणती?’

त्या वर्गाची एक शाखा आपल्या देशातही पोचली होती, हे सांगून पुढे जाऊ. वेल्सच्या याच कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट पंथाने टॉमस जोन्स या सुताराच्या मुलाला खासी डोंगरांत पाठवले. १८४१ च्या जून महिन्यात तो चेरापुंजीला आला. खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची जी पद्धत त्याने बसवली तिच्यावर वेल्श वर्णलेखनाची छाप आहे. लोकांना अक्षरांबरोबर त्याने सुतारकामही शिकवले. पुढे त्याच्याच मिशनने त्याला दूर केले. तिथल्या एका बड्या इंग्रज व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध तो उभा राहिला, आणि १८४९ साली कलकत्त्यात वारला. मालकाची मेहेरबानी न मानण्याचा तो गुण त्याच्या अंगी होता असे दिसते.

आज त्या खाणींपैकी बहुतेक बंद आहेत. प्रार्थनामंदिरांपैकी कित्येकांना कुलुपे लागली, कित्येकांची राहण्याची घरे झाली. २०२१ साली वायव्य वेल्सच्या त्या पाटीच्या मुलखाला जागतिक वारशाचा मान मिळाला. कडे, शेड, वाडा, सारे प्रवासी पाहतात. रविवारचा वर्ग पाहता येत नाही, कारण त्याला भिंती नव्हत्या; एक बाक, एक ग्रंथ आणि आठ-दहा माणसे, एवढाच तो होता.

आमच्या युनियनच्या कचेरीतही एक वर्ग भरतो. तिथे कायद्याची कलमे वाचतो, पगारपत्रक कसे तपासायचे ते शिकतो, जुन्या लढ्यांचा इतिहास वाचतो. बेथेस्डाचा धडा आम्ही दोन भागांत शिकवतो. पहिला भाग असा, की मिळाले ते हक्काने मिळाले की मेहेरबानीने, हे प्रत्येक वेळी विचारा. मेहेरबानी असेल तर तिची किंमत कोणी मोजली तेही विचारा. दुसरा भाग शिकवायला आम्हांला उशीर झाला. काकांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ते गाव सोडून गेले होते, आणि पुढे त्यांची भेट झाली नाही. त्यानंतरच्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडला. तो एकमताने मुळीच मंजूर झाला नाही; तास-दीड तास वाद झाला, आणि थोड्या मतांनी तो पार पडला. ठराव एवढाच : संपात कोण आत होता आणि कोण बाहेर याचा विचार न करता, कोणाही कामगाराच्या घरी मयत झाले तर युनियनतर्फे दोन माणसांनी जावे. इतिवृत्तात तो लिहून ठेवला आहे, आणि आजवर पाळला आहे.